तीनशे दहा पराभवांचा संसार

नाणं उडवायचं. छापा पडला तर जिंकलो, काटा पडला तर हरलो. एवढाच नियम ठेवायचा आणि सलग ३१० वेळा काटाच पाडून दाखवायचा. गणिताच्या सरांना विचारलंत तर ते खडू उचलून सांगतील की असं होण्याची शक्यता दोनावर ९३ शून्यं देऊन जो आकडा होईल त्यात एक. दिसतं तेवढं सगळं विश्व धरलं तर त्यातले अणू एकावर ८० शून्यांच्या आसपास भरतात. म्हणजे विश्वातल्या सगळ्या अणूंच्या ढिगात हात घालून नेमका ठरवलेला अणू डोळे मिटून बाहेर काढणं हे त्यामानाने किरकोळ काम झालं.

हे किरकोळ नसलेलं काम अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या पुरुष बास्केटबॉल संघाने करून ठेवलेलं आहे. २३ जानेवारी १९८५ रोजी त्यांनी आपल्या लीगमधला एक सामना जिंकला. पुढचा जिंकला तो २२ फेब्रुवारी २०११ रोजी. मधले सगळे हरले. आणि हे कॉलेज गणितात कच्चं होतं म्हणावं तर तसंही नाही. ते कॅलटेक होतं. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी. आपण काय विक्रम करतोय याचा हिशेब त्या बाकावर बसलेला राखीव खेळाडूसुद्धा तोंडी करू शकला असता.

अर्थात नाणं निःपक्षपाती असतं. कॅलटेकचा संघ तसा नव्हता. तो उघडउघड पराभवाच्या बाजूने होता.

कॅलटेक मराठी माणसाला अगदीच अनोळखी नाही. लॉस एंजेलिसकडे मुलाच्या घरी सहा महिने राहायला गेलेल्या आईवडिलांचा एक ठरलेला प्रवासमार्ग असतो. डिस्नेलँड, युनिव्हर्सल स्टुडिओ, मालिबूचं बालाजी मंदिर. मग कधीतरी गाडी पॅसाडीना गावातून जाते आणि मुलगा म्हणतो, "बाबा, हे कॅलटेक." बाबा काच खाली करतात. "म्हणजे आपलं आयआयटी?" "त्याहून छोटं, पण वरचं." "मग तू इथे का नाही घेतलीस अ‍ॅडमिशन?" मुलगा गिअरच्या दांड्याकडे बघत राहतो. गाडी ऑटोमॅटिक असते, तरीही. मागच्या सीटवरून आई विषय बदलते, "तो टीव्ही मालिकेतला शेल्डन इथलाच ना रे?"

शेल्डन इथलाच. भौतिकशास्त्रज्ञ फाइनमनही इथलेच, बोंगो वाजवणारे. आणि कुरुंदवाडात जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ श्रीनिवास कुलकर्णी गेली कित्येक वर्षं इथलेच. त्यांच्या घरची भाषा कन्नड, बालपण हुबळीतलं. पण जन्म कोल्हापूर जिल्ह्यातला म्हटल्यावर आपण हक्क सोडतो होय? तर हे कुलकर्णी कॅलटेकमध्ये दाखल झाले १९८५ साली. त्याच वर्षी बास्केटबॉलवाल्यांची हरण्याची मालिका सुरू झाली. हा निव्वळ योगायोग आहे आणि दोन्ही बाजूंनी तो तसाच घ्यावा. मात्र पुढच्या काळातली दोघांची कामगिरी शेजारी शेजारी मांडून पाहण्याचा मोह आवरत नाही. १९९५ साली कुलकर्णी आणि मंडळींनी पहिला निःसंदिग्ध तपकिरी खुजा तारा जाहीर केला. त्या वर्षी संघ हरला. १९९७ साली त्यांच्या गटाने गॅमा किरणांचे स्फोट आपल्या आकाशगंगेच्या कितीतरी पलीकडून येतात हे दाखवून दिलं. त्या वर्षीही हरला. संस्थेला अब्जावधी प्रकाशवर्षांवरचं अचूक दिसत होतं, अडचण फक्त शेवटच्या साडेचार मीटरांची होती.

याच संस्थेने एमआयटीच्या जोडीने लायगो नावाची वेधशाळा उभी केली. चार-चार किलोमीटर लांबीचे दोन बाहू, त्यात लेझरचे झोत, आणि गुरुत्वलहर येऊन गेली की त्या लांबीत पडणारा फरक प्रोटॉनच्या जाडीच्या साधारण हजाराव्या भागाइतका. तेवढा फरक यांनी २०१५ च्या सप्टेंबरात टिपला. आता बास्केटबॉलची रिंग. व्यास ४५ सेंटिमीटरांहून थोडा जास्त, जमिनीपासून उंची १० फूट. चेंडूचा व्यास २४ सेंटिमीटर. म्हणजे दोन चेंडू शेजारी शेजारी आत जाता जाता राहतात, इतकी ती ऐसपैस. ती हलत नाही, थरथरत नाही, तिच्याबद्दल कुठलंही अनिश्चिततेचं तत्त्व लागू नाही. तरीही.

यामागचं कारण मात्र विनोदी नाही, सरळ आहे. अमेरिकेत कॉलेजचा खेळ म्हणजे आपल्याकडच्या गॅदरिंगच्या क्रिकेट मॅचसारखी हौस नव्हे. वरच्या श्रेणीतली विद्यापीठं खेळाडूंना शिष्यवृत्त्या देऊन आणतात, टीव्हीवाले पैसे ओततात, प्रशिक्षकाचा पगार कुलगुरूंच्या वर जातो. कॅलटेकपासून गाडीने जाऊन येण्यासारख्या अंतरावर यूसीएलए आहे. जॉन वुडन यांच्या हाताखाली त्या विद्यापीठाने १९७१ ते १९७४ दरम्यान सलग ८८ सामने जिंकले. एकाच महानगराच्या दोन टोकांना सलग जिंकण्याचा आणि सलग हरण्याचा असे दोन्ही संप्रदाय नांदले.

कॅलटेक खालच्या, म्हणजे तिसऱ्या श्रेणीत खेळतं. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती कुणालाच मिळत नाही. मग बाकीची कॉलेजं जिंकतात कशी? तर प्रशिक्षक प्रवेश कार्यालयात जाऊन हळूच सांगू शकतो की हा सहा फूट आठ इंचाचा मुलगा जरा बघा, मार्क बेताचे आहेत पण मुलगा गुणी आहे. शब्द टाकणं ही काय आपलीच मक्तेदारी आहे? कॅलटेकमध्ये मात्र प्रशिक्षकाच्या शब्दाला तिथे किंमत नव्हती. मुलगा सहा फूट आठ असो वा पाच फूट दोन, गणित आणि भौतिकशास्त्रात डोळे दिपवणार असेल तरच आत. सगळ्या पदवी-विद्यार्थ्यांची संख्या तेव्हा मिळून हजाराच्या आत. त्यातले मुलगे किती, त्यातले उंच किती, त्यातल्या कितीजणांनी चेंडू हातात धरलाय, अशी चाळणी लावत गेलं की शेवटी चाळणीत जे उरतं त्याला संघ म्हणायचं. शाळेच्या संघातून खेळलेल्या मुलांपेक्षा शाळेत पहिली आलेली मुलं या संघात जास्त, असं त्याच्याबद्दल नेहमी सांगितलं जायचं. ते कौतुकाने सांगितलं जायचं की काकुळतीने, हे सांगणारा कुणाचा प्रशिक्षक आहे त्यावर अवलंबून.

आपल्या शाळांत पीटीचा तास हे गणिताच्या शिक्षकांचं राखीव कुरण असतं. "आज पीटी नाही, त्रिकोणमिती" हे वाक्य ऐकून मोठी झालेली पिढी आज देशविदेशात पाठदुखीवर गोळ्या घेत बसली आहे. कॅलटेकने हे केलं नाही. तिथे पदवी हवी असेल तर शारीरिक शिक्षणाचे तास भरावेच लागतात, कृष्णविवरं कितीही वाट बघत असली तरी. म्हणजे खेळाला नाही म्हणायचं नाही आणि अभ्यासात सूट द्यायची नाही, असा दुहेरी काटेकोरपणा. त्याचं फळ काय मिळणार होतं ते कोष्टकात दिसतंच.

त्या मुलांचा दिवस डोळ्यांसमोर आणा. गृहपाठाला तिथे प्रॉब्लेम सेट म्हणतात आणि तो एकट्याने एका रात्रीत सुटू नये अशीच त्याची रचना असते. सत्रपरीक्षेच्या आठवड्यात वसतिगृहांत सकाळी सात वाजता वॅग्नरचं 'राइड ऑफ द व्हॅल्किरीज' कर्णकर्कश आवाजात लावायची जुनी प्रथा आहे. आपल्याकडे काकडआरती असते, त्यांच्याकडे ही. रात्री दोनला क्वांटम मेकॅनिक्स मिटवून झोपलेला मुलगा अशा गजरात उठतो, लॅब करतो, आणि संध्याकाळी त्याने सरावाला येऊन म्हणे रिबाउंड घ्यायचा. रिबाउंड म्हणजे रिंगला लागून परत आलेला चेंडू दहा हातांच्या गर्दीत उडी मारून धरायचा. चेंडू कुठल्या कोनातून येणार हे त्याला बाकी नऊजणांच्या आधी कळत असावं. फक्त त्याची उडी सुरू होईपर्यंत चेंडू दुसऱ्याच्या हातात गेलेला असायचा.

शिवाय कॅलटेकचा एक प्रामाणिकपणाचा नियम आहे. कुणीही दुसऱ्याचा गैरफायदा घ्यायचा नाही, बस्स. त्या भरवशावर परीक्षेचा पेपर खोलीवर देतात. घड्याळ आपणच लावायचं, पुस्तक बंद ठेवायचं, वेळ संपली की पेन खाली. देखरेखीला चिटपाखरू नाही. हा प्रयोग आपल्याकडे बारावीच्या बोर्डाने एक वर्ष करून बघावा. भरारी पथकं बेकार होतील आणि निकाल १०४ टक्के लागेल. पण मला शंका येते ती वेगळीच. ज्या पोराला बंद खोलीत समोर पडलेलं पुस्तक उघडावंसं वाटत नाही, त्याने बास्केटबॉलच्या कोर्टवर धक्का लागल्याचं सोंग करून धाडकन पडायचं कसं? पंचाची पाठ वळल्यावर समोरच्याचा टी-शर्ट ओढायचा कसा? ३१० पैकी निदान दहा-पंधरा पराभव या चारित्र्याच्या खात्यावर टाकावेत, असं माझं मत आहे.

संघाचं बोधचिन्ह बीव्हर. झाडं कुरतडून ओढ्यावर धरण बांधणारा हा प्राणी निसर्गातला इंजिनिअर समजला जातो, म्हणून त्याची निवड. निविदा नाही, टक्केवारी नाही, धरण मात्र वेळेत पूर्ण. प्रतिस्पर्ध्यांच्या अंगावर शहारा यावा असं त्यात काही नाही, पण खोटंही काही नाही.

या मुलांना जिंकायचं कुठे ते कळत नव्हतं असं मात्र समजू नका. जवळच्या रोझ बोल स्टेडियमवर दरवर्षी अमेरिकन फुटबॉलचा भव्य सामना होतो. १९६१ साली कॅलटेकच्या पोरांनी वॉशिंग्टन विद्यापीठाच्या प्रेक्षकांनी हातात धरायच्या रंगीत कार्डांची सूचनापत्रकं गुपचूप बदलली. मध्यंतरात हजारो प्रेक्षकांनी शिस्तीत कार्डं वर केली आणि टीव्हीवरून देशभर अक्षरं झळकली: कॅलटेक. १९८४ साली त्याच स्टेडियमच्या गुणफलकात दुरून शिरकाव करून त्यांनी खेळणाऱ्या संघांची नावं घालवली आणि कॅलटेक विरुद्ध एमआयटी असा सामना लावून दिला. त्यात अर्थातच कॅलटेक पुढे होतं. म्हणजे १९८४ मध्ये ते फलकावर जिंकले, १९८५ च्या जानेवारीत ला व्हर्नविरुद्ध कोर्टवर ४८–४७ असे जिंकले, आणि मग सव्वीस वर्षं कुठेच नाही.

पानिपत झाल्यावर मराठे दहा वर्षांत परत दिल्लीत होते. कॅलटेकचं पानिपत दर आठवड्याला होत होतं. हंगामात लीगचे साधारण डझनभर सामने, आणि एकेका सामन्यात पन्नास-साठ गुणांनी मार खाण्याचे दिवसही त्यांनी पाहिले. हरण्याचीही दोन खाती होती. लीगमधली मालिका १९८५ पासूनची. दुसरी १९९६ पासूनची, राष्ट्रीय संघटनेत असलेल्या कुठल्याही कॉलेजविरुद्धची. ती २०७ वर जाऊन थांबली. त्याबाहेरच्या एखाद्या फुटकळ संघाला कधीतरी हरवलं तर ते कुठल्याच खात्यात धरत नसत. म्हणजे जिंकले तरी हरण्याची मालिका अखंड, अशी सोय होती.

माझ्या दृष्टीने या सगळ्यात खरी करमणूक कॅलटेकची नाहीच. ती आहे त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांची. पॅसाडीनाला खेळायला येणाऱ्या संघाची मनःस्थिती जरा समजून घ्या. जिंकलात तर कुणी विचारणार नाही, कॅलटेकलाच तर हरवलंत. हरलात तर मात्र इतिहासात नाव. नातवंडं विचारतील, "आजोबा, ते तुम्हीच का?" लहान गावातल्या आखाड्यात शाळामास्तरांशी कुस्ती लावल्यावर पैलवानाची जी पंचाईत व्हावी, तीच ही.

आणि हे भूत कुणाकुणाच्या मानगुटीवर बसलंय पाहा. ग्रेग पॉपोविच हे नाव एनबीए बघणाऱ्यांना माहीत आहे. सॅन अँटोनियो स्पर्सला पाच वेळा अजिंक्यपद मिळवून देणारे प्रशिक्षक. मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांची सुरुवात झाली ती कॅलटेकच्याच लीगमधल्या पोमोना-पिट्झर या संघापासून. १९७९-८० चा त्यांचा पहिला हंगाम: दोन विजय, बावीस पराभव. त्या बावीसात एक पराभव कॅलटेककडून! तेव्हाही कॅलटेकचं सलग हरण्याचं आधीचं एक लांबलचक आवर्तन चालू होतं, ते या गृहस्थांनी मोडलं. पुढे त्यांनी जगाला हरवलं, पण कोष्टकातली ती ओळ काही पुसली गेली नाही. याबाबतीत बास्केटबॉलचा इतिहासच मुळी कॅलटेकच्या बाजूचा आहे. ज्या जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ साली पीचच्या टोपल्या सज्जाला ठोकून हा खेळ शोधून काढला, ते पुढे कॅन्सस विद्यापीठात प्रशिक्षक झाले. त्या नामांकित विद्यापीठाच्या इतिहासात विजयांपेक्षा पराभव जास्त असलेला प्रशिक्षक एकच: नेस्मिथ. ५५ विजय, ६० पराभव. खेळ समजणं आणि सामना जिंकणं ही दोन वेगळी खाती आहेत, हे असं मूळपुरुषापासून ठरलेलं.

कॅलटेकला रिंग सापडत नव्हती या समजालाही एक अपवाद आहे, आणि तो अपवाद इतका मोठा आहे की सांगताना मलाच दडपण येतं. फ्रेड न्यूमन नावाचा कॅलटेकचा एक माजी विद्यार्थी. याला फ्री थ्रोचं वेड. फ्री थ्रो म्हणजे फाऊल झाल्यावर १५ फुटांवरच्या रेषेमागून, कुणी आडवं न येता, निवांत मारायची फेक. १९७८ साली या गृहस्थांनी डोळ्यांवर पट्टी बांधून सलग ८८ फ्री थ्रो रिंगमधून काढले. यूसीएलएचे सलग विजय ८८, याचे आंधळे फ्री थ्रो ८८. मग १९९० च्या सप्टेंबरात ते परत आपल्या कॉलेजात आले आणि २४ तास उभे राहिले. २२,०४९ फेकी, २०,३७१ आत. सरासरी चार सेकंदांना एक, न झोपता, वय पन्नाशीच्या पुढे. त्या सुमारास कॉलेजचा संघ हरण्याची पाच-साडेपाच वर्षं पूर्ण करून पुढे निघाला होता. न्यूमनना संघात घ्यायचं कुणाच्या मनात आलं नसेल असं नाही, पण पुन्हा प्रवेशपरीक्षा आली असती.

दुसरा एक असाच. डीन ऑलिव्हर. नव्वदच्या सुमाराचा कॅलटेकचा इंजिनिअर, तिथल्या बास्केटबॉल संघातला. बाकावर बसून सामने बघताना माणसाला दोन गोष्टी करता येतात: डबा कधी उघडायचा याचा विचार, किंवा आपण नेमके का हरतोय याचा हिशेब. याने दुसरं केलं. नेम, हातचा चेंडू घालवणं, रिबाउंड आणि फ्री थ्रो या चार घटकांत सामना कसा मोजायचा हे त्याने पुढे 'बास्केटबॉल ऑन पेपर' या पुस्तकात मांडलं, एनबीएच्या संघांनी त्याला नोकरीवर घेतलं, आणि आज आकडेवारीशिवाय तिथे कुणी पान हलवत नाही. मला यात आश्चर्य वाटत नाही. यूसीएलएच्या बाकावर बसलेल्या मुलाला हा प्रश्न पडायचं कारणच नव्हतं.

दोन हजारनंतर रॉय डाऊ नावाचे प्रशिक्षक आले आणि संघ कमी गुणांनी हरू लागला. ही प्रगती बाहेरच्याला कळत नाही. साठऐवजी वीसने हरणं, वीसऐवजी आठने हरणं, यात किती सराव लागतो ते घरात आजारी माणसाचा ताप उतरताना पाहिलेल्यालाच कळेल. २००५-०६ च्या हंगामाचा शेवट कॅमेऱ्यात पकडून 'क्वांटम हूप्स' नावाचा माहितीपट निघाला. जिंकलेल्या संघावर सिनेमा निघतो हे आपण पाहिलंय. यांच्यावर हरत असतानाच निघाला.

६ जानेवारी २००७ रोजी न्यूयॉर्ककडच्या बार्ड कॉलेजचा संघ पॅसाडीनाला आला आणि कॅलटेकने त्याला ८१–५२ असं धुतलं. २०७ चं खातं बंद. एकोणतीस गुणांनी! इतक्या वर्षांची उधारी व्याजासकट वसूल. पण बार्ड लीगमधलं नव्हतं. त्यामुळे मोठं खातं चालूच राहिलं, आणखी चार वर्षं.

२००८ मध्ये ऑलिव्हर एस्लिंगर प्रशिक्षक म्हणून आले. क्रीडा-मानसशास्त्राचा अभ्यास केलेला माणूस. या नोकरीला तीच पात्रता योग्य. त्यांनी देशभर हुडकून अशी मुलं गाठली ज्यांना प्रवेश स्वतःच्या मार्कांवर मिळेल आणि शिवाय चेंडूही टाकता येईल. अशी मुलं जगात असतात. फक्त ती कॅलटेकला स्वतःहून येत नाहीत, कारण त्यांच्याही आईवडिलांनी कोष्टक वाचलेलं असतं.

आणि मग तो मंगळवार. २२ फेब्रुवारी २०११, हंगामातला शेवटचा सामना, कॅलटेकचंच ब्रॉन जिम. समोर ऑक्सिडेंटल कॉलेज, शेजारच्याच ईगल रॉक भागातलं. तेव्हा अमेरिकेच्या अध्यक्षपदी असलेले बराक ओबामा पदवीची पहिली दोन वर्षं याच कॉलेजात होते. बास्केटबॉलचं त्यांना एवढं वेड की व्हाइट हाऊसच्या टेनिस कोर्टवर त्यांनी बास्केटबॉलची सोय करून घेतली होती. म्हणजे समोरचा संघ ऐरागैरा नव्हता, राष्ट्राध्यक्षांचा गाववाला होता.

सामना ४५–४५. चाळीस मिनिटांच्या खेळात दोन्ही बाजूंचे मिळून नव्वद गुण म्हणजे बास्केटबॉलच्या मानाने दुष्काळच, पण दुष्काळात बरोबरी तर होती. सेकंद उरले ३.३. कॅलटेकच्या रायन एल्मक्विस्टला फाऊल मिळाला. शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी, विषय कॉम्प्युटर सायन्स. तो त्या रेषेवर जाऊन उभा राहिला.

आपण त्या रेषेवर उभे आहोत असं क्षणभर समजू. हातात चेंडू. १५ फुटांवर रिंग. वाऱ्याचा वेग शून्य, आडवं कुणी नाही. फेकीचा कोन, वेग, गुरुत्वाकर्षण, चेंडूला द्यायची उलटी फिरकी, सगळं अकरावीच्या प्रक्षेप्य गतीच्या धड्यातलं. तो धडा या मुलाने कधीच मागे टाकलेला. पाठीमागे ३१० सामने, त्यातले बहुतेक याच्या जन्माच्या किंवा पाळण्याच्या काळापासून चालत आलेले. समोर बाकावरून उठून उभे राहिलेले प्राध्यापक, ज्यांतल्या प्रत्येकाला उत्तर माहीत आहे आणि एकालाही चेंडू टाकता येणार नाही. चेंडू दोनदा आपटायचा, श्वास सोडायचा, गुडघे किंचित वाकवायचे. प्रक्षेप्य गतीच्या धड्यात गुडघे नसतात.

एल्मक्विस्टने टाकला. आत. ४६–४५. उरलेल्या सेकंदांत ऑक्सिडेंटलला काही करता आलं नाही आणि घंटा झाली. प्रेक्षक कोर्टवर धावत सुटले. १९८५ चा विजय एका गुणाचा, हाही एका गुणाचा. मधल्या सव्वीस वर्षांत संस्थेच्या नोबेलच्या यादीत भर पडत गेली होती, पण त्या यादीसाठी विद्यार्थ्यांनी असं कोर्टवर लोटांगण घातल्याचं काही वाचनात नाही.

त्यानंतर कॅलटेक अधूनमधून जिंकू लागलं. कधी हरतं, कधी जिंकतं, चारचौघांसारखं. खरं सांगायचं तर माझा या संघातला रस तिथेच थोडा कमी झाला. जिंकणारी कॉलेजं अमेरिकेत ढिगाने आहेत. प्रवेशाचा उंबरठा एक इंचही खाली न घेता, उद्या हरणार हे पक्कं माहीत असताना आज सरावाला वेळेवर येणारी मुलं सव्वीस वर्षं सलग मिळणं, हे मात्र दुसरीकडे घडलेलं दिसत नाही. दत्ताजी शिंद्यांचं ते प्रसिद्ध उत्तर आपण शाळेत पाठ केलं, मार्क घेतले आणि विसरलो. पॅसाडीनातल्या मुलांनी ते नाव ऐकलेलंही नसेल, आणि वर्षाला बारा वेळा तेच उत्तर देत होती. परंपरा अगदीच बुडाली असंही नाही. बास्केटबॉलवाल्यांनी सोडलेला झेंडा बेसबॉलवाल्यांनी हातात धरला होता. त्यांची सलग २२८ पराभवांची मालिका २०१३ च्या फेब्रुवारीपर्यंत चालली.

आता हे प्रकरण आपल्या दाराशी येणार आहे, म्हणून मुद्दाम लिहितो. त्या लायगो वेधशाळेचं भारतीय भावंड हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभं राहायचं आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये त्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. वेधशाळा झाली की कॅलटेकची माणसं हिंगोलीत येत-जात राहणार. आणि आपली माणसं ओळखून आहे मी. पाहुणे आले की कुणीतरी जिल्हा क्रीडा संकुलात मैत्रीपूर्ण सामना ठेवणारच. मांडव, हारतुरे, शाल-श्रीफळ, पालकमंत्र्यांना यायला दोन तास उशीर. संयोजकांना माझी नम्र सूचना आहे की २०११ पूर्वीचे आकडे वाचून बास्केटबॉलचा सामना ठेवू नका, फजिती होईल. पोरं आता टाकायला शिकली आहेत. ठेवायचाच तर कबड्डीचा ठेवा. बिनधास्त हरवा, ते मनाला लावून घेणार नाहीत. फक्त परतीच्या सामन्याची तारीख लगेच सांगून टाका, कारण ती ते विचारणारच.